करडगीतली सुपारी

चिंचेच्या कोळानं करडगीची एक बाजू लखलखीत निघाली होती, दुसरी अजून काळीच होती, तेवढ्यात तिचं टोपण माझ्या अंगठ्याखाली सरकलं आणि आतली वस्तू परातीत पडली.

करडगी म्हणजे इष्टलिंग ठेवायची चांदीची डबी. आम्हा लिंगायतांच्या गळ्यात ती लहानपणापासून मातीत जाईपर्यंत असते. बसवजयंतीच्या आदल्या दिवशी घरातल्या सगळ्या करडग्या मी घासते. रीत अशी, की ज्यानं त्यानं आपलं लिंग वस्त्रात बांधून छातीशी ठेवायचं आणि रिकामी डबी तेवढी परातीत टाकायची. ही करडगी थोरल्या दिरांची, शरणबसप्पांची. त्यांनी घाईत ती तशीच भरलेली टाकली होती. बरबटलेल्या हातानं दुसऱ्याच्या लिंगाला शिवले असं वाटून मी डोळे गच्च मिटले आणि पंचाक्षरी म्हणू लागले. मग नाकाला कुबट वास आला. डोळे उघडून बघते तर परातीत सुपारी. अख्खी, किडलेली, भोकांतून तपकिरी भुगा सांडणारी. चिंचेच्या पाण्यावर तो भुगा पसरला तशी मी परात दूर सारली.

त्या सुपारीवर दोन माणसांचे जीव ठेवलेले होते. ते कसे, हे कळायला आधी थोरल्या दिरांचं सांगावं लागेल.

सासरे वीरप्पा यांचं नळदुर्गच्या पेठेत सरकी-पेंडीचं दुकान होतं. शरणबसप्पा थोरले, कल्याणप्पा धाकटे, म्हणजे आमचे हे. थोरल्यांना दुकानात बसणं कधी मानवलं नाही. लहानपणी ते दुकानातली पेंड चारून दोन एडके पोसायचे आणि गावोगाव टकरी लावायचे. कोणता एडका हरणार, तर ज्याला त्यानं आदल्या दिवशी पेंड घातली नाही तो, असं सासूबाई सांगायच्या. सांगताना हसायच्या. पोरगं हुशार आहे असं त्यांना वाटायचं.

पुढं ते तालमींना दूध, तूप, बदाम पुरवायला लागले. स्वतः कधी लंगोट कसला नाही, कधी अंगाला लाल माती लागली नाही. पण जत्रेत एवढं माणूस फुकट कुस्त्या बघतं, हे बघून त्यांचा जीव तळमळायचा. त्यांनी सोलापुराहून कनाती आणल्या, मैदान चारी बाजूंनी झाकलं आणि दारावर तिकीट ठेवलं. लोकांनी आधी शिव्या दिल्या. मग झाकलंय म्हणजे आत काहीतरी असणार, म्हणून रांगा लावल्या. तेव्हापासून परंड्यापासून उमरग्यापर्यंत त्यांचं नाव शरणबसप्पा दंगलवाले असं पडलं.

एके वर्षी त्यांनी पंजाबचा मल्ल आणला. मिशांना मेण, डोक्याला रेशमी फेटा, गळ्यात ताईत. तो गुलबर्ग्याच्या अडतीवरचा हमाल होता, आणि तोंड उघडायचं नाही अशी त्याला ताकीद होती. आमच्याकडच्या एका गड्यानं त्याला धोबीपछाड मारली तेव्हा पंजाबचा मल्ल जमिनीवर आदळताना "अव्वा, सत्ते", म्हणजे आई, मेलो, असं कानडीत ओरडला. मैदानात एकच खसखस पिकली. थोरले उठून उभे राहिले आणि पाहुण्याला आपल्या मुलखाचा इतका लळा लागला की मार खातानासुद्धा त्याला इथलीच भाषा आठवते, असं म्हणाले. लोकांनी टाळ्या पिटल्या. हे घरी येऊन त्यांनी जेवताना सांगितलं. मी दाराआडून ऐकलं.

पैलवानांच्या खुराकात बदामाच्या जागी शेंगदाणे जायचे, तुपात वनस्पती मिसळलं जायचं. बब्रुवान नावाचा गडी गळ्याखालचं हाड मोडून घेऊन पडला, तर त्याला रातोरात दुसऱ्या गावच्या मोटारीत बसवून दिला. जखमी गडी डोळ्यांसमोर असला की पुढचं तिकीट खपत नाही, असं त्यांचं म्हणणं. इश्तिहाराच्या, म्हणजे दंगलीच्या जाहिरातीच्या, डोक्यावर निजाम सरकारची तारीफ उर्दूत छापलेली असायची, पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबाची खुर्ची सगळ्यांच्या पुढं मांडलेली असायची, आणि ट्रंकेच्या तळाशी खादीची टोपी इस्त्री करून ठेवलेली असायची. ती कोणत्या दिवसासाठी, हे आम्हाला विचारायची सोय नव्हती. धाकट्या सुनेनं थोरल्या दिराशी तोंडावर बोलायचं नाही. बोलायचं झालं तर दाराआडून, आणि तेही जेवायला वाढलंय एवढंच.

पण एका गोष्टीवर माझा विश्वास होता. लिंगाची आण घेऊन लिंगायत माणूस खोटं बोलत नाही. हे आमच्याकडं मराठ्यांनाही ठाऊक आहे, मुसलमानांनाही ठाऊक आहे. त्या एका विश्वासावरच पुढचं सगळं उभं राहिलं.

हे याच सालचं, अठ्ठेचाळीसचं. मुलूख नासला होता. रझाकार गावागावांतून फिरत होते, सरहद्दीपलीकडच्या हिंदुस्थानातून रोज नवी बातमी येत होती, बायका दिवसाढवळ्या बोरी नदीवर एकट्या जात नव्हत्या. शहाण्या माणसानं अशा दिवसांत चार माणसं एका जागी जमवली नसती. थोरल्यांना मात्र त्यात कनातीबाहेरची रांग दिसली. त्यांनी जोड लावली गोरोबाची आणि दस्तगीरची.

गोरोबा शेतकऱ्याचा मुलगा, दस्तगीर पिंजाऱ्याचा. दोघं उमरग्याच्या वाटेवरच्या एका खेड्यातले, ईरण्णा वस्तादांच्या तालमीत एकत्र वाढलेले. एका वस्तादाचे चेले उघड्या मैदानात एकमेकांशी लढत नाहीत, ते गुरुभाऊ. नळदुर्गात त्यांना कोणी ओळखत नव्हतं, हेच थोरल्यांना पाहिजे होतं. इश्तिहारात एकाला इथल्या मातीचा वाघ केलं, दुसऱ्याला हैदराबादचा शेर. मग थोरल्यांनी आपली माणसं लावून एका मोहल्ल्यात उठवलं की गोरोबा तुमच्या नावानं थुंकला, आणि दुसऱ्या आळीत उठवलं की दस्तगीर तुमच्या देवाला हसला. ज्या दोघांच्या नावानं गाव पेटत होतं, ते आमच्या मागच्या अंगणात एकमेकांची पाठ चोळत होते. रस्त्यावर हसण्याचा आवाज गेला तर थोरले त्यांच्यावर ओरडायचे.

दोघं आधी नाहीच म्हणाले होते. अमीनसाहेबाचा निरोप गेला तेव्हा त्यांना यावं लागलं. आल्या दिवशी ते आमच्या सोप्यात उभे राहिले. आमचे हे त्यांच्या बाजूनं बोलले, की ह्या दिवसांत एकजण पडला तर दुसरा जित्ता घरी जाणार नाही. तेव्हा थोरल्यांनी गळ्यातली करडगी मुठीत धरली.

"घटकाभर मातीत खेळा," ते म्हणाले. "मग पंच मधी पडंल, कुस्ती बरोबरीत सुटंल. कुणी पडणार न्हाय, कुणी पाडणार न्हाय. ह्या लिंगाची आण."

गोरोबानं हात जोडले. दस्तगीर म्हणाला, "आप्पा, तुमच्या देवाची आण तुमाला बांधती, मग आमालाबी पुरे."

मी दाराआड होते. मीसुद्धा मनात हात जोडले.

आता ते लिंग म्हणजे किडकी सुपारी, हे माझ्या परातीत पडलेलं होतं, आणि दंगल दुसऱ्या दिवशी होती.

मी नागम्माअक्कांना हाक मारली. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, ह्यांच्या वहिनी. त्या आल्या, परातीत बघितलं, आणि दचकल्या नाहीत. पदर तोंडाला लावून भिंतीला टेकून बसल्या.

"तुला आज कळलं," त्या म्हणाल्या. "मी किती वर्षं त्यांच्या शेजारी ताट मांडून जेवतेय. पूजेला बसलो म्हणून दार लावून घेतात, आत बसून विडा खातात."

मला अक्कांचा राग आला आणि लगेच कीवही आली. लिंग गळालं तर माणसानं अन्नाला शिवायचं नाही, मठात जाऊन स्वामींच्या पुढं, चारचौघांत सांगायचं, उपास करून नवं लिंग धारण करायचं. एवढीच वाट आहे आणि ती कठीण नाही. तेवढंसुद्धा ज्याला जड गेलं, त्याच्या पंक्तीला मी बसले होते, त्याच्या पाया पडले होते. माझ्या हाताचा चिंचेचा वास जात होता, तो कुबट वास जाईना.

तेवढ्यात थोरले करडगी मागायला आले. मी दाराआड झाले, पण त्या दिवशी जेवायला वाढलंय एवढंच बोलून भागणार नव्हतं.

"भावजी, लिंग कुठं आहे?"

ते हसले. ते हसू मला अजून ऐकू येतं, ढेकरासारखं.

"पडलं. गुलबर्ग्याच्या मैदानात, गर्दीत. लई दिस झाले."

"मठात का गेला नाहीत?"

"स्वामी उपाशी बसवतील, लोकांपुढं बोलायला लावतील. दुसऱ्या दिशी माझी दंगल होती."

मी त्या दोघांना दिलेल्या आणेचं विचारलं. ते सोप्यातल्या चौरंगावर बसले, पाय हलवायला लागले. दाराकडं बघून, एखाद्या लहान पोराला समजवावं तसं सांगितलं.

"अमीनसाहेबाला शब्द दिलाय, दस्तगीर जिंकंल. पेठेतल्या लोकांना शब्द दिलाय, गोरोबा जिंकंल. दोन्हीतला एक शब्द तर खरा निघंल. निम्मं खरं बोलणारा व्यापारी ह्या पेठेत दुसरा दाखव मला."

"आणि पंच?"

"पंच मधी पडला तर लोक कनात जाळतील. निकाल लागल्याबिगर माणूस घरला जात न्हाय."

"जो जिंकेल त्याला बाहेर मारतील."

"बाहेर म्हंजे कनातीच्या बाहेर," ते म्हणाले. "तिथं माझं काय."

मग त्यांनी उठून हात पुढं केला. अक्कांनी परातीतून करडगी उचलून दिली. त्यांनी ती उलटीसुलटी करून बघितली, एक बाजू काळी राहिली म्हणाले, आणि आपल्या चंचीतून एक नवी सुपारी काढली. धोतराला पुसली, आत टाकली, टोपण लावलं, शिवदोरा गळ्यात अडकवला, वर कपाळाची विभूती बोटानं नीट केली. हे सगळं आमच्या देखत. लाज वाटण्यासारखं काही घडतंय हे त्यांच्या गावीही नव्हतं. परातीतली जुनी सुपारी त्यांनी मागितली नाही. ती मी एका पानावर काढून ठेवली.

दुपारी हे दुकानातून जेवायला आले. मी ताट वाढलं आणि ताटाशेजारी ते पान ठेवलं. सगळं ऐकून त्यांचा चेहरा पडला. भावाचा दगा त्यांना त्या घटकेला दिसत होता, पण त्यांच्या तोंडून आलं ते घराचंच. बाहेर कळलं तर आपल्या घरात कोणी पाणी पिणार नाही, पोरींची लग्नं व्हायचीत, दंगल होऊन जाऊ दे, मग मठात नेतो अण्णाला. मी म्हटलं, घराचं पाणी आधीच नासलंय, आता फक्त ते कुणाकुणाला पाजायचं एवढं उरलंय. त्यांनी घास खाली ठेवला.

कुस्तीच्या आदल्या दिवशी पैलवान दुपारचं दूध प्यायला मागच्या दारी येतात. गोरोबा आणि दस्तगीर आले. त्यांना मी दूध दिलं नाही, ते पान पुढं केलं आणि हे अजून ताटावर बसलेले असतानाच सांगितलं, की तुमच्या पुढं ज्याची आण घेतली ती ही. पंच सोडवणार नाही. दोघांच्याही जिंकण्याचा सौदा झालाय.

दस्तगीरनं सुपारी बोटानं उलटवली. भुगा त्याच्या नखात गेला तो त्यानं उंबऱ्याला पुसला. गोरोबा म्हणाला, आत्ताच नदीतून सरहद्दीपार जाऊ. दस्तगीर म्हणाला, आपण गेलो की अमीन माझ्या बापाला बांधून आणील, तुझ्या बापालाबी. दोघं खाली बसले. एवढाली शरीरं, पण पायरीवर अगदी लहान दिसत होती. थोड्या वेळानं गोरोबानं आमच्या ह्यांच्याकडं बघितलं.

"मालक, आमच्या वस्तादाला आणता का? बाकी काय नगं. त्यांना फकस्त कुस्तीच्या हौद्याच्या कडंला बसवा."

ह्यांनी विचारलं, त्यानं काय होईल. दस्तगीर म्हणाला, कुस्ती बघणारं माणूस कुठल्याबी जातीचं असू द्या, वस्ताद बघितल्यावर त्याला कळतंय. हे ताटावरून उठले. हात धुतले, टोपी घातली आणि उमरग्याची मोटार पकडायला गेले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्यांच्या मागं बघत मी दारात उभी राहिले ती त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशीचं मी डोळ्यांनी बघितलं नाही. कनातीच्या आत बायका जात नाहीत. ह्यांनी संध्याकाळी सांगितलं ते लिहिते. किल्ल्याखालच्या मैदानात एका बाजूला पेठ, दुसऱ्या बाजूला मोहल्ला. लोकांच्या हातात काठ्या होत्या आणि त्या दारावर कोणी काढून घेतल्या नव्हत्या. तिकीट काढलंय ना, मग येऊ द्या, असं थोरले म्हणाले. अमीनसाहेब खुर्चीवर. हलगी जोरात. ईरण्णा वस्तादांना हाताला धरून ह्यांनी हौद्याच्या कडेला बसवलं. म्हाताऱ्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, अंगावर जुनी बंडी. कोणी लक्ष दिलं नाही. थोरल्यांनी बघितलं तेव्हा त्यांचा रंग उडाला, पण तोवर दोन्ही गडी आत उतरले होते.

दोघांनी शड्डू ठोकले नाहीत. एकमेकांच्या खांद्यावर माती टाकली आणि दोन्हीकडून चालत वस्तादांकडं गेले. एकाच वेळी वाकले. वस्तादांनी हात पुढं करून दोघांचे कान चाचपले. पैलवानाचा कान कसा मोडलाय यावरून वस्ताद त्याला अंधारातही ओळखतो.

"हा गोऱ्या," म्हातारा म्हणाला. "हा दस्तगीर. माझी दोन पोरं एकमेकांवर कुणी सोडली रं?"

आवाज मोठा नव्हता. पण आधी हलगीवाल्यानं टिपरी खाली ठेवली. हलगी थांबली तसं मैदान थांबलं. मग एका बाजूचा एक जुना पैलवान उठला, त्यानं डोक्यावरचा फेटा काढला आणि हात जोडले. दुसऱ्या बाजूनंही एक उठला. गुरुभावांची जोड लावली म्हणजे सगळ्या कुस्तीखेळाचाच अपमान, तो दोन्हीकडच्या लोकांना सारखाच झोंबला. काठ्या होत्या त्या कनातीवर चालल्या. अमीनसाहेब खुर्ची सोडून निघून गेले. आपल्यालाच कोणी बनवलं हे चारचौघांत उघडं पडल्यावर त्यांना तिथं बसवेना. थोरले कधीच मागच्या बाजूनं निसटले होते.

गोरोबा आणि दस्तगीर वस्तादांना घेऊन उमरग्याच्या मोटारीनं गेले. म्हाताऱ्याला गावी सोडून, घरच्यांना भेटून दोघं सरहद्दीपार सोलापुरात गिरणीच्या कामाला लागले, असं परवा कळलं. दोघांच्या घरी अमीनाचं कोणी गेलं नाही. जीव वाचले.

थोरले त्या दिवशी मागच्या बोळानं घरी आले. फेटा नव्हता, एका पायात वहाण होती. हात धुऊन पाटावर बसले आणि ताट मागितलं. अक्कांनी चुलीवरची कढई खाली ठेवली.

"गळ्यात लिंग घालून या," त्या म्हणाल्या. "मग ताट."

मला वाटलं आता उठतील आणि मठाकडं जातील. ते उठले आणि पेठेतल्या हॉटेलात जाऊन भजी खाऊन आले. तेव्हापासून तिथंच खातात. चेहऱ्यावर कसलाही फरक नाही.

आणि आज सकाळी सोप्यात नवे इश्तिहार येऊन पडलेत. परंड्याची दंगल. वर मोठ्या अक्षरांत छापलंय की एका गुरूचे दोन लाडके चेले समोरासमोर येणार, म्हातारा वस्ताद त्यांना कान चाचपून ओळखणार, बघणाराच्या डोळ्यांत पाणी येणार. तिकीट आधीपेक्षा जास्त. मोटारस्टँडवरून एक पांढऱ्या मिशीचा म्हातारा धरून आणलाय, आणि कुठले तरी दोन गडी. मागच्या अंगणात, जिथं ते दोघं एकमेकांची पाठ चोळायचे, तिथं थोरले ह्या म्हाताऱ्याला शिकवत होते. म्हाताऱ्याचे हात गड्यांच्या गालावरच जात होते.

"गाल न्हवं, कान," थोरले म्हणाले. "आन् धरल्यावर जरा थांब. लोकांना रडायला वेळ दे."

म्हातारा पुन्हा चाचपायला लागला. थोरल्यांच्या गळ्यात करडगी हलत होती. अक्का माझ्या शेजारी चुलीपाशी उभ्या होत्या, त्यांनी खिडकी लावून घेतली. ह्या घरात आपली चूल वेगळी मांडायची, आणि त्या चुलीवरचं अन्न त्या माणसाला वाढायचं नाही, असं त्यांनी ठरवलंय. नवऱ्यापासून चूल वेगळी करायची तर स्वामींना कारण सांगून विचारल्याशिवाय करता येत नाही.

उद्या सकाळी आंघोळ झाली की अक्कांना घेऊन मला मठात जायचं आहे.